हवेतला मुरूम

आमच्या तालुक्याच्या दिवाळी अंकाला मी गेली कित्येक वर्षं जाहिरात देतो. ‘माती खोदाई, भराव, सपाटीकरण, पोकलेन व डंपर भाड्याने मिळतील’ असा मजकूर आणि शेजारी फेटा बांधलेला माझा फोटो. यंदा संपादक जाहिरात मागायला वरवंडच्या ऑफिसात आले तेव्हा मी म्हणालो, “जाहिरात देतो, पण लेखही माझा घ्यायचा.” ते जरा चुळबुळले. म्हणाले, “मामा, लेख सूनबाईंचा घेऊ या का? कॉम्प्युटरवर मातीचा हिशोब, नवीन विषय आहे.” म्हणजे जाहिरात माझी आणि लेख सुनेचा. मी चहाचा कप खाली ठेवला. बऱ्याच घासाघिशीनंतर असं ठरलं की लेख मी लिहायचा आणि सुनेनं तपासायचा. तिनं तपासलाय. दोन ठिकाणी तिनं पेन्सिलीनं ‘असं नव्हतं, मामा’ लिहिलं होतं. ते मी खोडलंय.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना आधी धंदा सांगतो. उंच जागा खोदायची आणि खोल जागा भरायची, एवढंच आमचं काम. कारखान्याचा पाया असो, शेततळं असो की रस्ता, भांडण शेवटी एकाच प्रश्नावर येतं: माती किती? खड्डा समोर दिसतो, पण खड्ड्याच्या जागी आधी काय होतं ते कुणाला दाखवता येत नाही. म्हणून पूर्वी खोदताना मधोमध मातीचे एकदोन खांब तसेच उभे ठेवायचे. मूळ जमीन कुठवर होती याचे ते साक्षीदार. साहेब यायचे, खांबाची उंची मोजायचे, आणि मग खांब पाडायचा.

आता खांब कुठं ठेवायचा हे ठेकेदाराच्या हातात. जमिनीला जिथं उंचवटा असेल तिथं आपोआप खांब राहायचा. काही लोक तर खांबाच्या डोक्यावर वीतभर माती थापून वरून गवताची ढेकळं लावायचे. एकाच्या खांबावर असं गवत निघालं, जे त्या अख्ख्या माळावर दुसरीकडं कुठंच नव्हतं. साहेब म्हणाले, “पाव्हणं, ह्या खांबाला बाग कवा लावली?” मी त्या ठेकेदाराचं नाव घेत नाही. तोही या अंकाचा जाहिरातदार आहे.

खरं सांगू का, त्या काळात भांडणाला मजा होती. खड्ड्यात उतरून, टेप एका टोकाला साहेबाच्या हातात आणि दुसऱ्या टोकाला माझ्या हातात, असं आम्ही इंचाइंचासाठी ओरडायचो. नंतर दोघं मिळून भजी खायचो. आता ते गेलं.

ते घालवलं माझ्या सुनेनं. योगिता दौंडची, सिव्हिलचा डिप्लोमा झालेली. लग्न होऊन आली आणि वर्षाच्या आत ऑफिसातला माझा लाकडी टेबल कोपऱ्यात गेला, मधे तिचा कॉम्प्युटर आला. त्यात मातीकामाचं सॉफ्टवेअर. ते काय करतं ते तिनं मला समजावलं तसं सांगतो. एक चादर म्हणजे जुनी जमीन, तिच्या सगळ्या चढउतारांसकट. दुसरी चादर म्हणजे आपल्याला हवी ती नवी जमीन. दोन्ही चादरी एकमेकींवर टाकल्या की मधे जे राहतं ती माती. खोदायचं ते लाल, भरायचं ते निळं. खाली आकडा येतो.

मी म्हणालो, “ह्यात साहेबाशी भांडायचं कुठं?”

ती म्हणाली, “भांडायचं नसतं मामा. आकडा आला की आला.”

मला हे पटलं नाही. ज्या आकड्याशी भांडता येत नाही तो आकडा मला बापजन्मात मान्य होणार नाही.

एका गोष्टीत मात्र त्या यंत्राला मी पहिल्याच महिन्यात मानलं. माती तीन प्रकारची असते. जागेवरची, गाडीतली आणि दाबलेली. जागेवरची माती उकरली की ती फुगते, म्हणून खड्ड्यापेक्षा डंपरमधली माती जास्त दिसते. तीच नेऊन ओतली, पाणी मारलं, रोलर फिरवला की दबते आणि कमी दिसते. भांडगावचे एक आप्पा आमच्याकडून शेततळं खोदून घेत होते. रोज बांधावर बसून खेपा मोजायचे. शेवटी म्हणाले, “तळं येवढंसं आन् खेपा येवढ्या? माझ्या तळ्यातनं तू शेजाऱ्याची बी माती नेली काय?” मी तासभर घसा फोडून सांगितलं, ऐकेनात. योगितानं सॉफ्टवेअरमध्ये फुगवट्याचा आकडा टाकायची चौकट असते ती दाखवली, तसे गप्प झाले. मी सांगितलेलं तेच, पण काचेवर दिसलं म्हणून खरं. हे दुःख मी तेव्हापासून बाळगून आहे.

आता मूळ गोष्टीकडं येतो. ती माझ्या सासुरवाडीची आहे.

सासुरवाडी शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या बाजूला. सासरे, म्हणजे आबा, नव्वदीला टेकलेत, पण आवाज अजून या बांधावरून त्या बांधाला जातो. थोरली मुलगी त्यांनी दौंडच्या रामभाऊंना दिली आणि धाकटी मला. रामभाऊ सरकारी खात्यात ओव्हरसियर होते, आता निवृत्त आहेत. माझं लग्न झालं तेव्हा मी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होतो. पुढं मी स्वतःचा ट्रॅक्टर घेतला, जेसीबी घेतला, पोकलेन घेतली, हायवेला ऑफिस टाकलं. पण आबांच्या घरी रामभाऊ आले की ‘साहेब आले’ आणि मी आलो की ‘वरवंडकर आले’. पाण्याचा तांब्या आधी साहेबांकडं. मटण असलं तर नळी साहेबांच्या ताटात. मी तोंडानं कधी काही बोललो नाही. पण बघितलेलं सगळं आहे.

मेहुण्याच्या मुलाच्या लग्नात तर कहर झाला. अक्षतांच्या आधी आशीर्वादाची भाषणं सुरू होती. निवेदकानं सरपंचांना बोलावलं, साखर कारखान्याच्या संचालकांना बोलावलं, मग “आपल्या सर्वांचे मार्गदर्शक रामभाऊ साहेब” म्हणून साडूला बोलावलं. साडू बोलून खाली आले आणि निवेदक म्हणाला, “आता नवरा-नवरीनं उभं राहावं.” मला कुणी बोलावलंच नाही.

मी स्टेजवर चढलो आणि माइक घेतला.

“आबांनी शाळेला जागा दिली,” मी म्हणालो. “मोठ्या मनानं दिली. पण ती जागा खोलगट. पावसाळ्यात तिथं म्हशी डुंबतात आन् पंधरा ऑगस्टला पोरं चिखलात उभी राहून झेंड्याला सलामी देतात. येत्या पंधरा ऑगस्टच्या आत ते पटांगण मी कमरेइतकं उचलून देतो. मुरूम माझा, गाड्या माझ्या, रोलर माझा!”

टाळ्या पडल्या. आबांनी माझ्याकडं बघून मान हलवली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. खाली उतरलो तर बायको दातओठ खात म्हणाली, “कमरेइतकं? आवो, पटांगण हाय ते, कुंडी न्हाई.”

दुसऱ्या दिवशी योगिता सॉफ्टवेअर उघडून बसली. “मामा, इथं आकडा टाकावा लागतो. कंबर म्हणजे किती?”

“कंबर म्हंजी कंबर.”

तिनं टेप आणला आणि मला भिंतीला उभं केलं. “तीन फूट चार इंच.”

“तीन टाक.”

“स्वतःच्या कमरेशीसुद्धा घासाघीस?” असं म्हणून तिनं तीन टाकले. मग तिनं आकडा वाचला. एवढा मुरूम विकत घ्यायचा म्हटलं तर माझी एक पोकलेन विकावी लागली असती. ती म्हणाली, “मामा, आबांना सांगून गुडघ्यापर्यंत आणू या का?” हजार माणसांसमोर माइकवर बोललो होतो आणि साडू पहिल्या रांगेत होता. शब्द खाली पडला असता तर मी त्या गावात परत पाय ठेवला नसता. तिच्या सासूनंही मला घरात पाय ठेवू दिला नसता, पण ती वेगळी गोष्ट.

फुकटच्या मुरमासाठी मी शिरूरकडची कामं बघायला लागलो. एका कंपनीला गोडाऊन बांधायचं होतं. मोठा प्लॉट. एका अंगाला मुरमाचा चढ, दुसऱ्या अंगाला सपाट रान. चढ कापायचा, रानाकडं भर टाकायची, आणि उरेल तो मुरूम ठेकेदाराचा. मॅनेजर पुण्याचा तरुण मुलगा, पायात पांढरे बूट. त्याच्याशी मी दरावर नेहमीसारखा भांडलोच नाही. त्यालाच चुकल्यासारखं झालं. मला मुरूम हवा होता.

जुन्या जमिनीचा सर्व्हे कंपनीच्या कन्सल्टंटनं ड्रोन उडवून केलेला होता. त्यांनी तो दिला, योगितानं सॉफ्टवेअरमध्ये घातला, आणि आकडा आला: प्लॉट भरून एवढा मुरूम उरतोय की शाळेचं पटांगण होऊन वर थोडा राहील. माझ्या नजरेच्या अंदाजाला तो आकडा जास्त वाटला. पण मुरूम जास्त निघतोय म्हणून तक्रार करणारा ठेकेदार अजून जन्माला यायचाय. योगिता एवढंच म्हणाली, “सर्व्हेवर तारीख नाहीये, मामा.” मी म्हणालो, “जमीन काय दूध हाय, नासायला?” करारात लिहिलं गेलं की सगळं मोजमाप मॉडेलप्रमाणे, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या त्या चादरींप्रमाणे.

उन्हाळ्यात काम सुरू झालं. पोकलेन चढ कापत होती, डंपर रानाच्या बाजूला ओतत होते. आणि ती बाजू काही भरेना. मॉडेलमध्ये तिथं भर जेमतेम होती, कुठं कुठं तर थोडं कापायचंच होतं. इथं डंपरमागून डंपर ओततोय आणि खड्डा तसाच आ वासून. माझा पोकलेनवाला बिहारचा. तो म्हणाला, “सेठ, ये जमीन खा रही है.” मी त्याच्यावर ओरडलो, मग डंपरवाल्यांवर ओरडलो, मग बांधावर एक कुत्रं बसलं होतं त्याच्यावर ओरडलो. चढ संपत आला होता. शाळेसाठी एक घमेलंभर मुरूम उरायची लक्षणं नव्हती.

योगिता लॅपटॉप घेऊन आली. जीपच्या बॉनेटवर ठेवून तिनं मॉडेलचा उभा छेद काढला, म्हणजे कलिंगड चिरून आत बघतात तसं. बराच वेळ बघत राहिली.

“मामा, ही भिंत कसली?”

मी बघितलं. चढाकडून जमीन नीट उतरत आली होती आणि रानाच्या कडेला एकदम सरळ उभी चढली होती. पुरुषभर, त्याहूनही उंच. वर सपाट पठार. पठाराच्या मधून एक अरुंद घळ, सरळ रेषेत, आणि घळीच्या टोकाला एक छोटा चौकोनी खड्डा.

“शेतात अशी भिंत असते का?” ती म्हणाली.

मी त्या घळीकडं बघत राहिलो. एवढी सरळ घळ पाणी पाडत नाही. एवढी सरळ घळ माणूस पाडतो, पाटाच्या कडेनं चालायला. आणि चौकोनी खड्डा म्हणजे मोटारीची खोली. ती खोली खोल नव्हती. तिच्याभोवतीचं सगळं उंच होतं. मी खाली बघितलं. माझ्या बुटाखाली उसाची खोडकी होती.

“पोरी,” मी म्हणालो, “ह्यो ऊस हाय.”

झालं होतं ते असं. जमीन विकलेल्या शेतकऱ्यानं ताबा देण्याआधी शेवटचा ऊस घेतला. कन्सल्टंटनं ड्रोन उडवला तेव्हा रानात ऊस उभा होता. ड्रोनला वरून दिसला तो उसाचा शेंडा. त्यानं शेंड्यालाच जमीन धरलं. पुढं तोडणी झाली, ऊस गाळपाला गेला आणि आमच्या मॉडेलमधली पुरुषभर जमीन मोळ्या बांधून कारखान्याला गेली. आम्ही तिच्या मुरमाची वाट बघत बसलो होतो.

योगिता हसायला लागली. हसता हसता तिला बॉनेटला टेकावं लागलं. मी तिच्यावरही ओरडणार होतो, पण सून आहे.

दुसऱ्या दिवशी रामभाऊ साइटवर हजर. माझ्या बायकोनं बहिणीला सांगितलं, बहिणीनं नवऱ्याला. डोक्यावर टोपी, हातात छत्री, मागं हात बांधून त्यांनी सगळा प्लॉट बघितला. मग मला बाजूला घेतलं.

“साडूभाऊ, करार कसा हाय? मोजमाप मॉडेलप्रमाणं ना?”

“व्हय.”

“मग गप बसा की. मॉडेल त्यांचं, सर्व्हे त्यांचा. मॉडेलमधी जेवढी खोदाई हाय तेवढ्याचं बिल लावा.”

“म्हंजी ऊस खोदल्याचं बिल लावू?”

“कागदावर ऊस कुठाय? कागदावर मुरूम हाय.”

हे आमचे साहेब. मार्गदर्शक. आणि तत्त्वानं पाहिलं तर बोलत होते ते अगदी नियमाला धरून. दुसऱ्या कुठल्या वर्षी मी त्यांच्या बोलण्याचा विचार केलाही असता. पण यंदा मला पैसा नकोच होता.

“रामभाऊ,” मी म्हणालो, “बिलानं पटांगण भरतं का?”

“ते बी खरं हाय,” ते म्हणाले आणि छत्री उघडून सावली केली. माझ्यावर नाही, स्वतःवर.

मी मॅनेजरकडं गेलो. उसाचं सांगितलं. तो खुर्चीत मागं रेलून म्हणाला, “काका, असं होऊच शकत नाही. आमचे कन्सल्टंट मोठे आहेत. मॉडेल चुकत नाही.”

माझं डोकं फिरलं होतं, पण हे वाक्य ऐकलं आणि एकदम थंड झालं. समोरच्यानं असं वाक्य बोलावं यासाठी सौदा करणारा माणूस वर्षानुवर्षं वाट बघतो.

“चुकत न्हाई ना?”

“नाही.”

“मग माझा मुरूम द्या.”

“कुठला मुरूम?”

“मॉडेलमधला. उरलेला मुरूम ठेकेदाराचा, असं करारात हाय. मॉडेलमधी उरलाय. चला, दाखवतो कुठाय.”

त्याला हाताला धरून साइटवर नेलं. पांढरे बूट मुरमात. रानाच्या मधोमध खोडक्यांत उभा केला आणि त्याच्या हातातल्या टॅबमध्ये मॉडेल काढायला लावलं. आपण उभे आहोत तो ठिपका पठाराच्या आत, पार बुडालेला. मी हात वर केला, जमेल तेवढा उंच, आणि टाचा उचलल्या.

“ही बघा मॉडेलची जमीन. हिथनं वर. माझा मुरूम हवेत हाय साहेब. तेवढा खाली उतरवून द्या. बाकी माझं काही म्हणणं न्हाई.”

पोकलेनवाला इंजिन बंद करून बघायला लागला. डंपरवाले खाली उतरले. मॅनेजरनं एकदा टॅबकडं बघितलं, एकदा माझ्या हाताकडं, एकदा पायाखाली. वाकून एक खोडकं उपटलं, वास घेतला आणि कन्सल्टंटला फोन लावला. त्यातलं “शुगरकेन” एवढंच मला कळलं. पण तो शब्द तो तीनदा म्हणाला, दर वेळी आणखी मोठ्यानं.

पुढं जे झालं त्याला मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला सौदा म्हणतो. ड्रोन परत उडाला, खरी जमीन कळली. आता कंपनीलाच भर कमी पडत होती. प्लॉटच्या मागच्या अंगाला त्यांना पावसाच्या पाण्याचं तळं करायचं होतं, पुढच्या वर्षी. मी म्हणालो, “यंदाच करा. खोदाई मी करतो. तळ्याचा मुरूम तुमचं बी भरंल आन् माझं बी.” केलेल्या खोदाईचंच बिल लावीन, उसाचं नाही, असंही सांगितलं. मॅनेजरचा चेहरा जरा मोकळा झाला. मग विषय आला तळं किती खोल.

योगितानं लॅपटॉप टेबलावर मधे ठेवला. तळ्याच्या खोलीची एक चौकट होती. वरचे काही फूट काळी माती, ती भरावाला चालत नाही, खाली मुरूम. जितकं खोल जाल तितका मुरूम.

“तीन मीटर,” मॅनेजर म्हणाला.

योगितानं तीन टाकले. शाळेच्या पटांगणाचा आकडा उणे आला.

“पाच,” मी म्हणालो.

“काका, तळं आहे, विहीर नाही.”

“पावणेपाच.”

“सव्वातीन.”

“अवो, पोरं झेंडावंदन करणार हायत. देशाचं काम हाय. साडेचार.”

दर वेळी ती आकडा टाकायची आणि खालचे सगळे आकडे नाचायचे. लाल वाढायचं, निळं भरायचं. मॅनेजरही रंगात आला. खुर्ची पुढं ओढून बसला. चारला येऊन आम्ही अडलो. पटांगण थोडक्यात हुकत होतं. मी ओरडणार तेवढ्यात योगिता म्हणाली, “थांबा. तळ्याच्या कडांचा उतार जरा उभा धरू. मुरमात कडा टिकतात, काळ्या मातीत मी आडव्याच ठेवल्यात.” तिनं एक चौकट बदलली आणि उणे जाऊन अधिक आलं.

त्या दिवशी मला उमगलं. ती म्हणाली होती की या आकड्याशी भांडायचं नसतं. खरं आहे, आकडा खाली येतो, तिथं भांडून उपयोग नाही. भांडायचं वर, चौकटींशी. खोली किती, उतार किती, फुगवटा किती. सगळा बाजार तिथं भरतो. एवढी वर्षं लोक मला चुकीच्या टोकाला उभं करून भांडायला लावत होते. (इथं योगितानं ‘असं नव्हतं, मामा’ लिहिलं होतं.)

परवाने काढले, आणि मृगाच्या आधी शाळेवर डंपर सुरू झाले. रामभाऊ रोज एसटीनं यायचे आणि वडाखाली खुर्ची टाकून खेपा मोजायचे. थोड्याच दिवसांत त्यांनी आबांना सांगितलं, “भर झाली. जास्तच झाली. बंद करायला सांगा.” मोकळा मुरूम कमरेच्या वर दिसत होता. आबांनी मला बोलावलं. मी दाबलेल्या मातीचं सांगायला लागलो आणि आवाज चढायला लागला, तेवढ्यात योगितानं रामभाऊंना विचारलं, “काका, तुमचं लेव्हलचं यंत्र अजून आहे का घरी? रोज दाबल्यावर तुम्ही उंची घेतली तर माझं मॉडेल तपासून होईल.”

दुसऱ्या दिवशी रामभाऊ तिकाटणं खांद्यावर घेऊन आले. एवढ्या वर्षांत मी त्यांना इतक्या भराभर चालताना बघितलं नव्हतं. तिकाटण्यावर दुर्बीण, डोळा बारीक करून हे आकडा सांगणार, ती लॅपटॉपवर घेणार. पाणी मारलं, रोलर फिरला, मुरूम बसला. शेवटच्या दिवशी त्यांनी चारी कोपरे आणि मध्य मोजला आणि मला म्हणाले, “तीन फूट. बरोबर हाय.” त्यांच्या तोंडून हे दोन शब्द काढायला एक अख्खं तळं खोदावं लागलं.

योगितानं पटांगणाला रस्त्याकडं थोडा उतार ठेवला होता, डोळ्यांना कळत नाही एवढा. पंधरा ऑगस्टच्या आधी आठवडाभर झड लागून होती. त्या दिवशी सकाळी उघडलं. पटांगणात थेंबभर पाणी नाही. पोरं पांढरे मोजे घालून उभी होती आणि मोजे पांढरेच राहिले. झेंडा झाला, गोळ्या वाटल्या. आबा पहिल्या रांगेतल्या खुर्चीतून काठी टेकत उठले. डाव्या हाताला मी धावलो, उजव्या हाताला रामभाऊ. त्यांनी दोघांनाही काठीनं बाजूला केलं आणि पटांगणावरून चालायला लागले. मधे थांबून काठी दोनदा आपटली. मुरूम बसलेला होता, टणक आवाज आला. मी छाती पुढं काढली.

आबा सरळ बायांच्या घोळक्याकडं गेले. तिथं योगिता उभी होती.

“पोरी, पानी कुठं जाईल ते आधीच दावतंय व्हय तुझं ते यंत्र?”

“हो आबा.”

“मग माझ्या हिरीच्या वाटंचं बघ की. पाऊस झाला की गुडघाभर साचतंय. कवापासनं सांगतोय, कुणी आयकत न्हाई.”

“चला, आत्ताच बघू.”

तिनं हात पुढं केला आणि आबांनी तो धरला. ती दोघं फाटकाकडं निघाली. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी मागून ओरडलो, “आबा, त्या वाटंला मुरूम मी देतो!”

आबांनी मागं वळूनही बघितलं नाही.

“मुरूम काय,” ते म्हणाले, “कुठं बी मिळतोय.”

माझ्या शेजारी रामभाऊ उभे होते. ते हसले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं लिहून ठेवतो.